पोकळ वाजतं, काढा

बोट वाकवून भिंतीवर टकटक करायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "पोकळ वाजतं. काढा." मग मालक ओरडो की गवंडी रडो, ते काम काढलंच जायचं.

तंजावुरातल्या मराठी माणसाला तमिळ शेजारी 'रायर' म्हणतात. आमच्या कंत्राटदाराचे हे टकटक करणारे सुपरवायझरही रायरच. मी नवऱ्याच्या बदलीमुळे सांगलीहून तिथे गेलेली, ऑफिसात नकाशे काढायची. मराठी बोलायला मिळतं म्हणून ते खूश असत. माझं मराठी मात्र त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटे. शहाळं घेतानाही ते टकटक करत आणि शहाळेवाला मुकाट्याने दुसरं देई. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेलच, ज्याच्या खोडीला सगळे हसतात आणि तिच्यावरच भरवसाही ठेवतात.

देशाचा बाजार परदेशी मालाला नुकता खुला झाला होता. एका लग्नाच्या हॉलच्या दर्शनी भागासाठी मद्रासहून नमुना आला. काचेचे धागे घातलेल्या काँक्रीटचं पॅनेल, जेमतेम बोटभर जाडीचं. रायरनी टकटक केली.

"पोकळ वाजतं. काढा."

"रायर, ते पातळ आहे, वाजणारच," मी म्हटलं. माहितीपत्रक मराठीत समजावलं. पातळ म्हणून सिमेंट कमी, वाळूही कमी. हलकं म्हणून लॉऱ्यांच्या खेपा कमी.

"मणल कमी?" ते थांबले. मणल म्हणजे वाळू. पापनाशमजवळ त्यांच्या गावच्या नदीच्या घाटाखालून रोज वाळूच्या लॉऱ्या भरून जात. आईचा हात धरून ते जिथे पाण्यात उतरायला शिकले, तिथे आता माणूस बुडेल एवढे खड्डे होते. आणि आमच्या साइटवर आलेली वाळू उतरवून घ्यायची सही त्यांचीच असे.

पॅनेल नाकारलं तर साधं काँक्रीट आणि तीच वाळू. आठवडाभर तो नमुना त्यांच्या टेबलाला टेकून होता. येता-जाता टकटक.

"वाचतों तर बरें, ऐकतों तर खोटें. कोणतें खरें, मा?" मला ते तमिळ रीतीने 'मा' म्हणत.

"कागदावर तरी चांगलं आहे," मी म्हटलं. मला तरी कुठे कळत होतं?

"उद्यां कोणाच्या डोक्यावर पडलें तर?" ते म्हणाले. मग नमुन्याच्या मंजुरीवर सही केली.

पॅनेलं बसली. त्यानंतर रायरनी कशालाच टकटक केली नाही. हात वर जाई, बोट वाके आणि हात तसाच शर्टाच्या खिशात जाई. गवंडी विनवत, "तट्टि पारुंग, रायर," वाजवून बघा.

"पोकळ वाजलें तें पास केलें मीच. आतां ह्या कानाचें काय ऐकतां?"

मला फार वाईट वाटे. माहितीपत्रक मीच वाचून दाखवलं होतं ना! हॉलची वाचलेली वाळू नदीतच राहिली की दुसऱ्या कुठल्या इमारतीत गेली, कोण सांगणार? ते सुट्टीला घाटावर जाऊन खड्डे भरतात का बघून येत. मी विचारलं की म्हणत, "अजून समजत नाही, मा."

ते गेल्याचं पत्र मला सांगलीला परतल्यावर मिळालं. पुढे एकदा तंजावूरला गेले, तेव्हा मुद्दाम त्या हॉलकडे वळले. एकही पॅनेल हललेलं नव्हतं. इकडेतिकडे बघून मी बोट वाकवलं, टकटक केली, कान लावला.

पोकळच वाजलं. 'काढा' म्हणायला कुणी नव्हतं.