आजोबांची आरमारी शिट्टी

दसऱ्याला आमच्या गावात मारुतीच्या पारावर फौजी घरांची शस्त्रं मांडतात. तलवारी, खुकऱ्या, काहीच नसलं तर पदकं. आमच्या घरचं मात्र काही मांडत नसत. का, तर माझे आजोबा फौजेत नव्हते, आरमारात होते, तेही कोकणातल्या एका चिमुकल्या संस्थानाच्या! दोन महायुद्धांच्या मधला काळ. एक आगबोट, दोन गलबतं, संपलं आरमार. जकात चुकवणाऱ्यांना धरायचं आणि वादळात सापडलेल्या कोळ्यांना काठाला आणायचं, हे काम. पुढं संस्थान विलीन झालं, बोटी मोडीत गेल्या. राहिली ती खलाशांना गोळा करायची आजोबांची पितळी शिट्टी.

"लढाई कुनासंगं, बोंबलांशी व्हय?" गाव हसायचं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका वादळात आजोबांचं गलबत उलटलं. फळीला धरून ते शिट्टी वाजवत राहिले, पण एकही सोबती आला नाही. त्यानंतर त्यांनी ती कधी ओठाला लावली नाही. देव्हाऱ्यात ठेवली, ती तिथंच राहिली.

यंदा माझ्या वडिलांनी हट्ट धरला. ऐंशी ओलांडलेली, त्यात दमा. म्हणाले, "औंदा आबांची शिट्टी पारावर मांडनारच. फुडचा दसरा मला दिसंल का न्हाई, कुनाला ठावं?"

पारावर निवृत्त सुभेदारांनी ती उलटसुलट करून बघितली. "आवं तात्या, वाजती तरी का ही?"

वडिलांनी फुंकली. नुसती फुस्स! पोरं फिदीफिदी हसली. वडिलांचा चेहरा एवढासा झाला, मला बघवेना. मी शिट्टी हिसकून घेतली, तर काय! वर्षानुवर्षं ओलं हळदीकुंकू वाहून तिचं तोंड आम्हीच लिंपून टाकलेलं. पूजा करकरून मुकी केली होती बिचारीला. इतक्या वर्षांत एकाच्याही ध्यानात येऊ नये? कर्म आमचं! पदराची पिन काढून मी ते सगळं कोरून काढलं.

वडिलांनी उरलासुरला दम एकवटला. अगं बाई, केवढा तो आवाज! त्यांनीही तो जन्मात पहिल्यांदाच ऐकला. आणि पारावर बसलेले सगळे माजी फौजी जुन्या सवयीनं ताडकन उठले, ओळीत उभे राहिले. सुभेदारसुद्धा.

वडील त्या ओळीकडे बघत राहिले. डोळे पुसायचंही भान नव्हतं.

"आबा," ते म्हणाले, "आलं बगा. समदं आलं."