हाकेला ओ

आमच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, आणि एवढ्या काळात मी यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. मी 'अहो' म्हणायचं आणि यांनी 'काय गं' म्हणायचं, असं आमचं चालायचं. मुंबईतल्या माझ्या बहिणी आपापल्या नवऱ्यांना बिनधास्त अरे-तुरे करतात, आणि मी विलायतेत राहून अहो-जाहो करते म्हणून मला हसतात. हसेनात का. मी काही लाजेपोटी नाव टाळत नव्हते. मला तो शब्दच आवडायचा. रस्त्यात कुणालाही अहो म्हणता येतं, पण घरात तो एकाच माणसाचा असतो. आमच्या शेजारच्या स्कॉटिश आजींना तर कित्येक वर्षं यांचं नावच 'आहो' आहे असं वाटत होतं. दर ख्रिसमसला त्यांचं कार्ड यायचं, त्यावर आधी माझं नाव आणि पुढे 'अँड आहो'. हे हॉस्पिटलात मोठे डॉक्टर, यांच्यापुढे भलेभले चळाचळा कापायचे. पण त्या कार्डावर इतके खूश, की फेब्रुवारी उजाडला तरी ते खिडकीतून काढू द्यायचे नाहीत.

रिटायर झाल्यावर काही वर्षांतच यांना डिमेन्शियाने गाठलं. आधी गाडीची जागा विसरायला लागले, मग घराचा रस्ता, मग चहा झालाय की व्हायचाय ते. मी सगळं निभावून नेत होते. गेल्या दिवाळीत आमची लेक कार्डिफहून आली. तिने दारात यांना मिठी मारली, तशी हे जरा मागे सरले आणि अगदी अदबीने म्हणाले, "तुम्ही आमच्या वॉर्डातल्या नव्या रजिस्ट्रार का?" ती हसली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. नळ सोडला की रडणं ऐकू येत नाही असं तिला लहानपणापासून वाटतं.

त्यानंतर तिने केअर होमचा विषय काढला.

"आई, तू किती थकलीयस. बाबाला आता चोवीस तास केअर पाहिजे. मी एक केअर होम बघितली. खूप छान आहे, गार्डनपण आहे."

"बघितलं," मी म्हटलं. "ते केअर होम."

"आई, प्लीज. आत्ता ग्रामर नको."

मी तरी काय करणार? मला राग आला की मी व्याकरणात शिरते. शेवटी मी तिला एकच सांगितलं. जोवर हे माझ्या हाकेला ओ देतायत, तोवर या घरातून कुठेही जाणार नाहीत. मी अहो म्हटलं आणि यांना ते कळलं नाही, तर त्या दिवशी मी आपणहून तुला फोन करीन. ती डोळे पुसत बरं म्हणाली. आपली आई दिलेला शब्द मोडत नाही, हे तिला माहीत आहे.

तेव्हापासून मी सकाळी चहा गाळताना स्वयंपाकघरातून 'अहो' म्हणायची आणि हातातली गाळणी तशीच धरून थांबायची. 'काय गं' आलं की जिवात जीव यायचा. कधी कधी ते यायला उशीर व्हायचा. मी मनाशी म्हणायची, वय झालं, ऐकू कमी येतं.

आता एका घळीबद्दल. यांच्या हॉस्पिटलातल्या खोलीत भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. साल उलटून गेलं तरी यांनी ते काढलं नव्हतं, कारण त्यावर अमेरिकेतल्या वाळवंटातल्या एका अरुंद घळीचं चित्र होतं. दोन्ही बाजूंना उंच लाल खडक आणि मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. "रिटायर झालो की इथं जायचं," हे म्हणायचे. मी म्हणायची, एवढ्या लांब जाऊन दगडच बघायचे तर ग्लासगोत काय कमी आहेत? मग आजार आला आणि विमानाचा विषयच संपला. यांना एअरपोर्टवरच्या गर्दीत पाच मिनिटंही सांभाळता आलं नसतं.

या उन्हाळ्यात मला कळलं, की आपल्या ग्लासगोपासून तासाभरावर तशीच एक लाल दगडाची अरुंद घळ आहे, तळाशी ओढा आहे आणि गाईड लहान लहान गट घेऊन आत जातात. मी गाईडला फोन केला आणि काहीही न लपवता यांच्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, ओढ्याला पाणी कमी असेल तेव्हाच नेतो, आणि यांना माझ्या पाठोपाठच ठेवीन. लेकीने फोनवर डोक्याला हात लावला असावा.

"तू वेडी आहेस का? बाबाला पाण्यातून चालवणार? मला खूप भीती वाटतो."

"वाटते," मी म्हटलं, आणि बुकिंग केलं.

सकाळ कोरडी आणि ढगाळ होती. गाईड दाढीवाला, उन्हाने गाल लाल झालेला, मोठ्याने हसणारा माणूस होता. आमच्याबरोबर लीड्सहून आलेलं एक तरुण जोडपं होतं. हेल्मेट चढवताना गाईडने प्रत्येकाला नाव विचारलं. यांनी आपलं पूर्ण नाव खणखणीत आवाजात सांगितलं आणि वर 'कन्सल्टंट' हेही सांगितलं. मला हायसं वाटलं. मग गाईडने मला विचारलं, तुम्ही यांना काय म्हणता? मी म्हटलं, अहो. "आहो!" तो म्हणाला आणि बोटीवरच्या 'अहॉय' म्हणणाऱ्या खलाशासारखं कपाळाला हात लावून यांना सलाम ठोकला. सगळे हसले. हेही हसले.

उतरायला खडकात कोरलेल्या जुन्या पायऱ्या होत्या, झिजलेल्या आणि शेवाळलेल्या. दोराला धरून एकेक पाय टाकत आम्ही उतरलो. यांचे पाय अजून तरुण माणसासारखे खंबीर आहेत, धापा टाकत होते ते मीच. खाली पोहोचलो आणि मी वर बघितलं. दोन्हीकडे लाल खडकाच्या भिंती उभ्या, त्यांच्यावर हिरवं शेवाळ, आणि वर आकाशाची एक पट्टी. पाणी घोट्यापर्यंत, कुठे गुडघ्यापर्यंत, आणि इतकं गार की तोंडातून आई गं निघालं. दगडामुळे तेही लालसर दिसत होतं.

गाईडने भिंतीवर तळवा ठेवला आणि सांगितलं, हा खडक म्हणजे मुळात वाळू आहे. फार फार पूर्वी इथे वाळवंट होतं.

हे माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "म्हणजे आलोच की आपण अमेरिकेला!"

मला किती आनंद झाला ते सांगून कळायचं नाही. कॅलेंडर आठवत होतं, अमेरिका आठवत होती, 'आपण' म्हणाले होते. मी यांचा दंड घट्ट धरला. लेकीला काय सांगायचं, ते मी पाण्यात उभ्या उभ्या जुळवायला लागले. आता बोल म्हणावं, बाबांना काय कळत नाही ते.

पुढे घळ आणखी अरुंद झाली आणि एका ठिकाणी काटकोनात वळली. तिथे गाईडने आम्हाला थांबवलं. वळणापलीकडचं दिसत नाही आणि पायाखाली खोलगट आहे, म्हणून एका वेळी एकानेच जायचं. पलीकडे गेलेल्याला मागच्याने हाक मारायची, आणि पलीकडून ओ आली की वाट मोकळी आहे असं समजून निघायचं. आधी तो स्वतः गेला आणि यांना हाताला धरून घेऊन गेला. वळणाशी यांची पाठ दिसेनाशी झाली.

मी हाक मारली, "अहो!"

पलीकडे कुठेतरी पाणी पडत होतं, त्याचा आवाज येत होता. उत्तर आलं नाही. मी जरा मोठ्याने म्हटलं, "अहो! येऊ का?" भिंतींनी माझाच आवाज मला परत दिला. पाय घसरला असेल, पडले असतील, नको नको ते मनात आलं. मी ओरडले, "अहो!"

तेवढ्यात गाईडचा आवाज आला, "ही इज फाइन! माझ्या शेजारीच उभे आहेत, ठणठणीत आहेत. तुमची हाक ऐकू येतेय त्यांना. तुम्ही कुणाला बोलावताय ते बघतायत इकडेतिकडे."

पाण्यात माझे पाय बधिर झाले होते. मागून लीड्सच्या मुलीने विचारलं, "आर यू ओके?" मी मान हलवली. पडले नव्हते, लागलं नव्हतं, ऐकूही येत होतं. मला आणखी एकदा अहो म्हणायची हिंमत झाली नाही. मग मी यांचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, आणि त्यानंतर कागदपत्रांसाठी लागेल तेवढंच घेतलं होतं. हाक म्हणून पहिल्यांदाच.

"येस!" लगेच उत्तर आलं, वॉर्डात यायचं तसं. "येस, आय अॅम हिअर!"

मी वळणावरून कशीबशी पलीकडे गेले. यांनी पुढे होऊन मला हात दिला.

"सांभाळून हं. दगड निसरडे आहेत," हे म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून आवाज खाली आणला. "तुम्ही मघापासून हाका मारताय. तुमचे मिस्टर पुढे गेलेत का?"

हा आवाज मी ओळखत होते. पूर्वी कधी यांना डबा द्यायला वॉर्डात गेले, तर पेशंटच्या बायकांशी हे असंच बोलत असायचे, हळू, जवळ उभं राहून. ते ऐकून मला वाटायचं, घरी आमच्याशी कधी असं बोलत नाहीत ते. आता बोलत होते.

"अहो, मीच…" मी सुरुवात केली. यांनी फक्त मान तिरकी करून पुढचं ऐकायची वाट बघितली. त्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल काळजी होती आणि ओळख अजिबात नव्हती.

"हो," मी म्हटलं. "पुढे गेलेत."

"मग चला, गाठू त्यांना. या घळीत माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे?"

असं म्हणून हे निघाले, माझा हात धरून. पुढच्या प्रत्येक वळणावर हे थांबत होते, वाकून पलीकडे बघत होते. एका ठिकाणी तोंडाभोवती हात धरून यांनी हाक मारली, "अहो! अहो, साहेब! तुमच्या मिसेस इकडे आहेत!" मग मला खुणेनेच गप्प राहायला सांगून कान दिला. गाईडला वाटलं, हे प्रतिध्वनीची गंमत करतायत. त्यानेही हसत 'आहो' अशी आरोळी दिली. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि रडले. तिथे सगळ्यांचे चेहरे ओलेच होते, कुणाच्या लक्षात आलं नाही.

घळीच्या टोकाला लहानसा धबधबा आहे म्हणतात. मी तो बघितला असणार, पण मला आठवत नाही. त्याच वाटेने परत आलो, त्याच पायऱ्या चढलो. गाईडने सगळ्यांशी हात मिळवले. लीड्सचं जोडपं निघून गेलं. मी यांचे बूट काढले, पाय कोरडे केले, मोजे चढवले. प्रत्येक वेळी हे 'थँक यू, थँक यू' म्हणत होते.

फोनला रेंज आली तशी लेकीचा फोन आला.

"बाबा ओके आहे ना?"

"ठीक आहेत. छान चालले." मग मी म्हटलं, "तू म्हणत होतीस ना, बाग आहे तिथे. ते बघायला जाऊ."

"आई," ती म्हणाली, आणि यावेळी तिने नळ सोडला नाही. मी फोन कानाशी धरून तिचं रडणं ऐकत राहिले. दुसऱ्या हाताने गाडीचं दार उघडलं आणि यांना बसायची खूण केली.

हे बसले नाहीत. दाराला धरून घळीच्या दिशेने बघत उभे राहिले.

"बसा ना," मी म्हटलं. "घरी जायचंय."

"असं कसं?" हे म्हणाले. यांना माझा थोडा रागच आलेला दिसला. "तुमचे मिस्टर अजून आले नाहीत. त्यांना इथे टाकून जायचं?"

लेकीने फोनमधून ते ऐकलं. "आई, बाबा काय म्हणतोय? कोणाला टाकून?"

मी तिला नंतर करते म्हणून सांगितलं आणि फोन बंद केला. पाऊस भुरभुरायला लागला होता. मी गाडीतून छत्री काढली, उघडून यांच्या डोक्यावर धरली, आणि आम्ही दोघं तिथेच वाट बघत उभे राहिलो.