दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा माउस

वायरचा माउस बिघडला तर निदान संशय कुणावर घ्यायचा ते तरी कळतं. वायर ओढून बघायची, मागचं टोक काढून परत खुपसायचं, नाहीतर उंदराला शिव्या घालायच्या. बिनवायरचा माउस बिघडला की हवेवर संशय घ्यावा लागतो, आणि माझा स्वभाव असा की हवेवर संशय घ्यायला मला फार वेळ लागत नाही. मी मुळातच घाबरट. गॅस बंद केला का हे बघायला देवपूरच्या पुलावरून परत फिरलेली बाई आहे मी.

धुळ्यात, देवपुरात कॉलेजच्या रस्त्याला माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. शिष्यवृत्ती, प्रवेश, जातीचे दाखले, पीकविमा, जे येईल ते. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर. एकावर मी बसते. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून दुसऱ्यावर बसतात आणि लाइट बिलं भरतात. दुकान लांबट आणि अरुंद, त्यामुळे टेबलं समोरासमोरच्या भिंतींना लावलेली. आमच्या दोघांच्या पाठी एकमेकांकडे असतात. संसारातही बरेचदा तेच असतं, त्यामुळे आम्हाला ते कधी खटकलं नाही.

वायर नको हा हट्ट यांचा. एकदा पाय अडकून पडता पडता वाचले, आणि मग जळगावला बहिणीकडे गेले तेव्हा तिथून दोन बिनवायरचे कीबोर्ड आणि दोन बिनवायरचे माउस घेऊन आले. सगळे एकाच कंपनीचे, काळेकुळकुळीत. प्रत्येकाबरोबर एक डोंगल, नखाएवढं. ते कॉम्प्युटरला लावायचं की झालं. पहिल्या दिवशी मला हे इतकं सोपं वाटलं की तेव्हाच मनात पाल चुकचुकली. पण चालले, चार महिने चांगले चालले. मग दसऱ्याच्या साफसफाईत जुने वायरचे दोन्ही माउस मी भंगारवाल्याला देऊन टाकले. घरात पसारा मला चालत नाही.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. वर्कशॉपमध्ये असताना हे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, जॅक सगळं पाटावर मांडायचे. आता दुकानातलं मांडतात. कीबोर्ड, माउस, प्रिंटरची शाई, स्टेपलर, बायोमेट्रिकचं यंत्र. त्या वर्षी मांडामांड झाल्यावर यांच्या मनात आलं की खरा जीव तर डोंगलमध्ये आहे, आणि तेच मागे धुळीत राहिलंय. म्हणून चारही डोंगलं उपटून एका वाटीत ठेवली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची पाकळी. मी हात जोडले. आरती झाल्यावर यांनी डोंगलं धोतराच्या सोग्याला पुसून परत लावून टाकली आणि आम्ही दुकानाचं शटर ओढून घरी पुरणपोळी खायला गेलो. ते मी बघत होते. माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. एरवी गॅससाठी पुलावरून परत फिरणारी मी!

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी आल्या. शिरपूरच्याही पलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या. सकाळी निघालेल्या, सोनगीरला गाडी अर्धा तास उभी राहिली, मग धुळ्यात कागदपत्रं तपासून घेण्यात अर्धा दिवस गेला. पोरीला नर्सिंगला प्रवेश हवा होता. शेवटची फेरी. कॉलेजांची यादी चुलतभावाने मोबाईलवर घाईत भरलेली होती आणि त्यात पहिलं नाव नागपूरचं पडलं होतं. मोबाईलवर क्रम बदलता येत नव्हता. धुळे पहिलं, जळगाव दुसरं करायचं आणि पाचच्या आत यादी पक्की करायची, एवढंच काम.

"नागपूर नको हं अक्का," आई म्हणाली. "तठे धाडाले तिना बाप तयार नही. नागपूर लागनं तर पोर घरमाच बसी."

म्हणजे काय ते मला सांगायला नको होतं. अशा पोरी मी बघितल्या आहेत. घरी बसल्या की पुढच्या वर्षी फॉर्म भरायला कुणी येत नाही, पत्रिका येते. घड्याळात साडेतीन झाले होते. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. हे वाक्य मी तेव्हापासून उच्चारलेलं नाही.

हे दुकानात नव्हते, जुन्या दोस्तांना सोनं वाटायला गेले होते. मी कॉम्प्युटर लावला. कीबोर्ड व्यवस्थित चालत होता. साइट उघडली, नंबर टाकला, आईच्या मोबाईलवर ओटीपी आला, यादी समोर आली. माउस धरला तर बाण जागचा हलेना.

सेल गेला असेल म्हणून सेल बदलला. उलटा करून बघितला तर पोटाखालचा लाल दिवा लागत होता. टेबलावर काच आहे, काचेवर कधीकधी अडतो, म्हणून खाली जुन्या कॅलेंडरचं पान घातलं. पोटातल्या भोकाला कुंकू लागलेलं दिसलं, ते पदराने पुसलं, फुंकर मारली. डोंगल मागून काढून पुढच्या बाजूला लावलं. कॉम्प्युटरने टिंग असा आवाज केला, म्हणजे डोंगल त्याला दिसलं होतं. बाण मात्र तसाच. कॉम्प्युटर बंद करून चालू करायची हिंमत होईना, कारण साइट दुपारपासून अडखळत होती आणि एकदा बाहेर पडलो तर परत आत घेईल याची खात्री नव्हती. शेजारचा झेरॉक्सवाला दसऱ्याला गावी गेलेला, त्याचं दुकान बंद. यांच्या टेबलावरचा माउस यांच्या कॉम्प्युटरचा, तो इकडे चालेल असं डोक्यातच आलं नाही. मी कीबोर्डवरूनच यादी हलवायचा प्रयत्न केला, पण नावं ओढून वरखाली करायची होती, ती माउसशिवाय ओढली जाईनात. सव्वाचार.

"काय व्हयनं अक्का?"

"काही नाही, होतंय," मी म्हटलं. पोर दोन्ही टेबलांच्या मधल्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आल्यापासून चार शब्दही बोलली नव्हती.

तेवढ्यात हे आले. पानाने तोंड भरलेलं, हातात आपट्याची पानं. आपल्या टेबलावर जाऊन बसले. आणि माझा बाण हलला!

माझा जीव भांड्यात पडला. "चालला!" मी ओरडलेच. पण मी माउस डावीकडे नेला तर बाण उजवीकडे गेला. मी थांबले तर तो पळाला. मी माउसवरचा हात काढून घेतला, तरी तो पडद्यावर फिरत होता, इकडे थांबत होता, तिकडे टिचकी मारत होता. माझं धाबं दणाणलं. कुणीतरी लांब बसून दुसऱ्याचा कॉम्प्युटर ताब्यात घेतं आणि बँकेतलं सगळं काढून नेतं, हे मी मोबाईलवर इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्या माणसाचा चेहरासुद्धा दिसायला लागला.

"तुझा मोबाईल बंद कर आधी," मी पोरीवर खेकसले. का, ते देवाला ठाऊक.

"मॅडम, ते काका..."

"गप्प बस गं जरा! मला सुचू दे."

पाठीमागून यांचा आवाज आला, "अगं, माझ्या माउसला काय केलंस तू? काडीचं ऐकत नाहीये." आणि ऐकत नसलेल्या वस्तूला ऐकवायची यांची एकच पद्धत आहे, वर्कशॉपमधली. जोरजोरात दाबायचं. टक, टक, टक, टक. इकडे माझ्या पडद्यावर बाण खालच्या हिरव्या बटणावर जाऊन उभा राहिला आणि एक चौकट उघडली. यादी पक्की करायची का? मला ती चौकट घालवायची होती. फक्त घालवायची होती. मी घाबरून कीबोर्डवर जे मोठं बटण हाताशी आलं ते दाबलं. ते एंटर होतं.

यादी पक्की झाली. पहिलं नाव नागपूर.

मला वाटतं, मी तोंडाने काहीतरी आवाज काढला असेन, कारण आई उठून उभी राहिली. ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. पोरीने मात्र पडदा वाचला होता. ती स्टुलावरून म्हणाली, अगदी हळू, "मॅडम, काकांचा हात हलला की तुमचा बाण हलतो. मघापासून."

मी मागे वळले. "अहो, हात वर करा!"

यांनी दोन्ही हात वर केले. बाण थांबला. "आता माउस हलवा." बाण हलला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि बहुतेक एकाच क्षणी दोघांनाही ती वाटी आठवली. चार सारखी डोंगलं, हळद लागलेली. कीबोर्डांची जागच्या जागी पडली होती आणि माउसांची अदलाबदल झाली होती, यांचं माझ्या कॉम्प्युटरला आणि माझं यांच्या. यांनी उठून दोन्ही उपटली, बदलून लावली. दहा सेकंदांचं काम. बाण माझ्या हाताशी मुकाट्याने आला. तेव्हा चार चाळीस झाले होते.

"आते काय करानं?" आईने विचारलं. तिला डोंगल-बिंगल काही समजलं नव्हतं, पण काहीतरी हातचं गेलंय हे समजलं होतं. तिने पोरीचा दंड धरून ठेवला होता.

पक्की झालेली यादी एकदाच परत उघडता येते, हे मला ठाऊक होतं. तिथे कारण निवडावं लागतं. उमेदवाराची चूक, केंद्रचालकाची चूक, तांत्रिक अडचण. तांत्रिक अडचण निवडली की पुरावा जोडा म्हणतात आणि त्यात तास जातो. केंद्रचालकाची, म्हणजे दुकानदाराची, चूक निवडली की आपला आयडी टाकावा लागतो आणि त्यावर शेरा पडतो. शेरे वाढले की आयडी बंद होतो, असं आमच्यात बोललं जातं. खरं-खोटं मला माहीत नाही, कारण मी ते कधी निवडलंच नव्हतं. आमच्या धंद्यात सगळे पहिलंच निवडतात. ते लगेच मंजूर होतं आणि कुणाला काही विचारलं जात नाही. माझा हात सवयीने तिथेच गेला. खाली मी टाइपही केलं, 'उमेदवाराने घाईत चुकीचा क्रम पक्का केला.'

आणि मागून पोर बोलली. इतका वेळ माझ्याशी शाळेतलं मराठी बोलत होती, ते सुटलं.

"मॅडम, मी तं हात बी नही लावा."

त्यात भांडण नव्हतं. तक्रारसुद्धा नव्हती. पडद्यावर तिच्या नावाखाली काहीतरी खोटं लिहिलेलं तिला दिसलं आणि तिने सांगितलं, एवढंच. मला कानशिलांपर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. हे पान चावायचे थांबले होते.

चार सेहेचाळीस. मला खरंच भीती वाटत होती. त्या आयडीवर आमचं घर चालतं. मी ओळ खोडली, दुसरं कारण निवडलं, माझा आयडी टाकला आणि लिहिलं, 'केंद्रचालकाने चुकीने यादी पक्की केली. उमेदवाराचा दोष नाही.' शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. साइट गोल गोल फिरत राहिली. आईच्या बटणांच्या मोबाईलवर ओटीपी यायला तीन मिनिटं लागली आणि त्या तीन मिनिटांत आम्ही चौघं त्या एवढ्याशा पडद्याकडे बघत उभे होतो. पोरीने आकडे वाचून दाखवले. मी धुळे ओढून वर नेलं, जळगाव दुसरं, आणि माउस तिच्यापुढे सरकवला.

"तूच वाच. तूच दाब."

तिने यादीतली चारही नावं दोनदा वाचली. मी घड्याळाकडे बघत होते, ती बघत नव्हती. मग तिने दाबलं. चार चोपन्न.

आई म्हणाली, "बठ्ठं बराबर व्हयनं ना अक्का? तुम्हना लई उपकार." मला कुठे बघावं ते कळेना. मी प्रिंट काढून दिली आणि यांनी दोघींच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. यादी लागली तेव्हा तिला धुळे मिळालं. आयडीवर शेरा पडला, पण आयडी बंद झाला नाही. निदान अजून तरी नाही. मी रोज सकाळी आधी तेवढं बघते.

पण रात्री डोळा लागत नाही तो त्या शेऱ्यामुळे नाही. ती पोर मागे बसली होती, तिला वाचता येत होतं आणि ती बोलली, म्हणून. पंधरा वर्षांत त्या स्टुलावर किती जण बसून गेले. त्यातल्या कितीतरी जणांना पडद्यावरचं वाचताच येत नव्हतं. ते मला हात जोडून गेले, आणि माझ्या किती चुका त्यांच्या नावावर लागल्या, हे त्यांना अजूनही माहीत नाही.