आठवी टोपी

जहाजावर सगळे त्यांना गाठमास्तर म्हणत. खरं नाव कप्तानाच्या यादीत होतं आणि तिथंच पडून असायचं. एकवीस वर्षं त्यांनी मागच्या डेकवर काढली होती. भर समुद्रात आम्ही तीन-तीन किलोमीटर दोर सोडायचो: वरच्या टोकाला पिवळे तरंगते गोळे, तळाला वजन म्हणून रेल्वेची जुनी चाकं, आणि मध्ये ठिकठिकाणी पाण्याचा खारटपणा मोजणारी माझी आठ यंत्रं. वर्षभर ती पाण्याखाली नोंदी करत बसायची. दोरातली प्रत्येक गाठ मास्तरांची. दुसऱ्यानं बांधली तर सोडून पुन्हा बांधायचे, आणि वर "चांगली होती हो" असंही म्हणायचे. त्या "हो"चा मला भयंकर राग यायचा.

या सफरीत दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हातून चहाचा पेला सुटला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी बघतेय हे पाहून ते म्हणाले, "साखर आहे ना अंगात. बोटांना काही कळेनासं झालंय. जाड दोर डोळ्यांनी बांधता येतो, पण घरी शर्टाची बटणं बायको लावते."

जहाजावर ते बनियनवर हिंडायचे. मला वाटलं होतं, उकडतंय म्हणून.

"कप्तानाला बोलू नका ताई. हात गेले म्हटलं की डेक गेला. दोनच वर्षं राहिलीत. घरी बसून पडद्यांना गाठी मारू?"

मला हसू आलं. पण कप्तानापुढे मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

प्रत्येक यंत्राच्या खालच्या अंगाला, जाळीच्या आत, एक लाल रबरी टोपी असते. यंत्र सोडताना ती काढायची. राहिली तर आत पाणीच जात नाही आणि त्या यंत्राचं वर्ष फुकट. तिथं डोळा पोचत नाही, चाचपूनच काढावी लागते. हे काम मास्तर कुणाला देत नसत. हात जाळीत, हात खिशात, नजर दोरावर. शेवटी चाकं सोडायच्या आधी खिसा रिकामा करून मोजायचे, "आठ टोप्या, आठ डोकी" म्हणायचे, मगच मी चाकं सोडायची खूण म्हणून हात वर करायची.

त्या दिवशी पहाटेपासून आम्ही उभे होतो. दुपारी दोनला चाकं कडेवर आली. मास्तरांनी टोप्या मांडल्या. सात. पुन्हा मोजल्या, सातच. काखेत कळसा नको म्हणून दुसरा खिसा, दोराखालच्या फळ्या, सगळं पाहून झालं.

दोर परत ओढायचा म्हणजे दोन तास, परत सोडायचा म्हणजे आणखी दोन. यंत्रं माझी, नोंदी माझ्या, तरी मीच म्हणाले, "राहू द्या मास्तर. टोपी पाण्यात पडली असेल. नाहीतर सातांवर भागेल." आणि हळूच, "उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"पडली असेल तर बरंच आहे," ते म्हणाले. "नसेल तर ते यंत्र वर्षभर तोंड बांधून बसणार. मग मी घरी झोपू कसा?" आणि त्यांनीच क्रेनवाल्याला हाक दिली, "चाकं आत घ्या! दोर ओढा!"

डेकवरची सगळी माणसं मनात मला शिव्या देत होती. त्यांचं काही चुकत नव्हतं. कप्तानही खाली येऊन उभा राहिला.

खालची चार यंत्रं एकेक करून वर आली. मास्तर जाळीत हात घालून म्हणायचे, "इथं नाही." पाचव्यालाही त्यांनी बराच वेळ चाचपलं. "इथं नाही."

का कोण जाणे, त्यांच्यामागून मी हात घातला. टोपी जागच्या जागी होती. ओढली तशी टचकन निघून माझ्या तळव्यात आली.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"काम कुणाचं होतं?" कप्तानानं विचारलं.

"माझं" म्हणायला मी तोंड उघडलं. पण मास्तरांनी दोन्ही हात पुढे धरले होते.

"माझं, साहेब. बोटं गेलीत माझी. ताईंना माहीत नव्हतं."

तेवढं एकच खोटं ते बोलले.

दोर पुन्हा सोडला. मास्तर दोराच्या वेटोळ्यावर बसून होते. सूर्य टेकला तेव्हा चाकं पुन्हा कडेवर आली. मी आठ टोप्या मोजल्या, पण हात वर जाईना.

"आठ डोकी," ते तिथूनच म्हणाले. "सोडा आता, ताई. दमलो."

बंदराला लागायच्या दिवशी ते शर्ट अंगात घालून माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मी खालून एकेक बटण लावत गेले.

"वरचं राहू द्या," मास्तर म्हणाले. "ते बायको लावेल."