टपावर उभी सायकल

सायकलवाल्यांच्या कुठल्याही टोळीत जाऊन बसा, कुणी किती किलोमीटर हाणले ते कुणाच्या लक्षात नसतं. लक्षात राहतं ते सायकलवर बसायच्या आधी आणि उतरल्यानंतर काय झालं ते. आमच्या नांदेडच्या चौघांचंही तसंच. त्यातून शेख सरांनी गाडीच्या टपावर सायकल न्यायचा रॅक आणला, आणि तेव्हापासून किस्से इतके साचलेत की रविवारचा चहा पुरत नाही.

चौघे कोण, ते आधी सांगतो. शेख सर कॉलेजात गणित शिकवतात. आमच्यात चारचाकी फक्त त्यांच्याकडं. माणिकदादांची अर्धापूरकडं केळीची बाग. पन्नाशी ओलांडलेला गडी, सायकल चालवताना पँटला चिमटे लावतो. संघमित्राताई मूळची बिलोलीची, इथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि आमच्यात सगळ्यात फास्ट. चौथा मी, मेडिकलवाला. बाकीच्यांना ग्लुकोज पुरवणं हे माझं मुख्य काम.

रॅक यायला कारण ताईच. गेल्या वर्षी लातूरच्या शर्यतीला तिची सायकल आम्ही टेम्पोत टाकून नेली. वाटेत सिमेंटची पोती सरकली आणि मागचा गिअर पार वाकला. वर्षभर सराव केलेली बाई लातूरला रस्त्याच्या कडेला उभी राहून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होती. परतताना ती वाकलेल्या गिअरवरचं सिमेंट रुमालानं पुसत बसली. चिडली असती तर बरं झालं असतं. पुढच्याच आठवड्यात सरांनी रॅक मागवला.

*

या रॅकला ना नट, ना बोल्ट. खाली बशीएवढ्या रबराच्या वाट्या. टप ओल्या फडक्यानं पुसायचा, वाटी ठेवायची आणि तिच्या बाजूचं बटण दाबून दाबून आतली हवा काढायची. बटणावर नारिंगी रेघ असते. ती आत गेली की वाटी पक्की बसली. बाहेर आली की हवा शिरली, पुन्हा दाबा. मग सायकलचं पुढचं चाक काढून पुढचा दांडा रॅकमध्ये अडकवायचा आणि मागचं चाक पट्ट्यानं बांधायचं.

सरांनी कॉलनीत हे करून दाखवलं तेव्हा भाभी गॅलरीत उभ्या होत्या. गाडीला एक जरी ओरखडा आला तर सरांनी रात्रीचं टपावरच झोपायचं, एवढं त्यांनी वरून सांगून ठेवलं. कॉलनीतल्या लोकांची शंका वेगळी. रबरावर सायकल टिकंल कशी? शेवटी तरुणपणी तालीम केलेले एक काका बाह्या सरसावून पुढं आले. पाय रोवला आणि रॅकला धरून जीव खाऊन ओढलं. वाटी हलली नाही, गाडी हलली.

काका घाम पुसत म्हणाले, "बसली ते ठीक हाय, सर. पन आता निघती का न्हाई?"

*

माणिकदादांना हे पटलंच नव्हतं. हवेच्या भरवशावर ते आपली सायकल द्यायला तयार नव्हते. इस्लापूरला सहस्रकुंडाचा धबधबा बघायला निघालो तेव्हा ते घरून बैलाचं दावं घेऊन आले. टपावरून सायकलीला वेढे घातले, चारी खिडक्यांतून दावं आत घेतलं, आत बसून दारं लावली आणि मग दोन्हीकडून ओढून अशी गाठ मारली की बैलानंही हात जोडावेत.

भोकरला चहाला थांबलो तेव्हा कळलं की एकही दार उघडत नाही. दावं दारांवरूनच गेलेलं, आणि धक्क्यांनी गाठ इतकी आवळलेली की नखं तुटली तरी सुटंना. उरल्या खिडक्या. ताई पहिली सुटली. मी लटकत लटकत उतरलो. शेख सर अर्धे बाहेर आले, हात जमिनीला टेकले आणि तिथंच अडकले.

तेवढ्यात हॉटेलातून त्यांचा एक जुना विद्यार्थी उठून आला आणि वाकून म्हणाला, "नमस्कार, सर."

सरांनी त्या अवस्थेतच मान वर केली. "कोण, प्रकाश का? बस बस, चहा घे."

*

ताईच्या माहेरी, बिलोलीला निघालो होतो. नायगाव सुटलं आणि मागं एक मोटारसायकलवाला लागला. हॉर्न वाजवतोय, हात हलवतोय, काहीतरी ओरडतोय. सरांना वाटलं आपण त्याला कट मारला असणार, भांडायला येतोय. त्यांनी वेग वाढवला. त्यानंही वाढवला. नरसीच्या फाट्यावर गर्दी लागली आणि त्यानं आम्हाला गाठलं.

उतरला तेव्हा बिचाऱ्याला धाप लागली होती. सायकलचं पुढचं चाक वाटेत कुठंतरी पडलंय आणि तो कधीचा बोंबलून राहिलाय, असं त्यानं सांगितलं. सरांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्यांनी आधी त्याला पाणी दिलं, मग डिक्की उघडून आत झोपवलेलं चाक दाखवलं.

त्यानं चाकाकडं पाहिलं. वर सायकलीकडं पाहिलं. परत चाकाकडं पाहिलं.

"मंग सायकल डिक्कीत ठिवायची अन् चाक वर लावायचं ना," तो म्हणाला. "पडलं असतं तर येक चाकच गेलं असतं."

ताई मैलाच्या दगडावर बसून हसत होती. उठायलाच तयार नाही.

*

लोह्याजवळ एका हवालदारसाहेबांनी अडवलं. दोरी कुठं आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न. दोरी नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतः रॅक हलवून पाहिला, मग दोन्ही हातांनी हलवून पाहिला. सरांनी वर्गात शिकवतात तसं हवेच्या दाबाचं समजावून सांगितलं. हवालदारसाहेबांनी ते मन लावून ऐकलं आणि वळताना एवढंच म्हणाले, "आमच्या साहेबाच्या गाडीवरचा दिवा बी इतका पक्का नव्हता."

*

मे महिन्यात कंधारहून परतताना वावटळ उठली. बघता बघता आभाळ काळं झालं आणि गारा सुरू झाल्या. आम्ही गाडी रस्त्याच्या कडेला लावून समोरच्या हॉटेलात पळालो. हॉटेलचा एक पत्रा आमच्या डोळ्यांदेखत उडून शेतात गेला. समोरच्या बाभळीची फांदी मोडून गाडीपुढं पडली. टपावर माणिकदादांची सायकल होती, आणि त्या दिवशी दावं घरी विसरलं होतं. दादांनी तोंडावर उपरणं घेतलं. बघवेना त्यांना.

वारा थांबला तेव्हा सायकल जागच्या जागी उभी होती, पाणी निथळत. दादा चिखलातून गेले, वाकून एकेक बटण पाहिलं. नारिंगी रेघ कुठंच नव्हती.

पुढच्या रविवारी दावं दिसेना म्हणून मी विचारलं.

"बैलाला दिलं," दादा म्हणाले. "त्याला गरज हाय."

*

आणि आता यंदाचं लातूर.

पहाटे निघालो. अहमदपूर मागं पडलं, ताई पुढच्या सीटवर डोळे मिटून बसलेली, वर सायकल ताठ उभी. सहाच्या सुमाराला चाकूरच्या बसस्टँडसमोर गाडीचा क्लच गेला. पुरुषांची शर्यत आधी सुटणार होती, बायकांची आठला. मेकॅनिकचं दुकान उघडायला वेळ होता. मदतीला थांबला तो एक टेम्पो, कांद्याची पोती भरलेला. ताईनं त्या पोत्यांकडं पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

मग तिनं स्वतःच पट्टा सोडला, सायकल खाली घेतली, चाक बसवलं. आम्ही नुसते बघत होतो. सरांनी तिला समजावलं की इथून लातूरपर्यंत पस्तीसेक किलोमीटर चालवत गेलीस तर शर्यतीला पायात काय उरणार.

"उरंल तेवढं उरंल," ताई म्हणाली. "यंदा मी टाळ्या वाजवत उभी ऱ्हाणार न्हाई, सर."

मी ग्लुकोजची बाटली तिच्या सायकलला अडकवली, आणि ती गेलीसुद्धा.

दादा गाडीपाशी थांबले. एसटी आली ती तासाभरानं, सर आणि मी ती धरली. सरांनी रॅक गाडीवर सोडला नाही, मांडीवर घेऊन बसले. वाटेभर खिडकीतून बघितलं, ताई कुठं दिसली नाही. लातूरला पोचलो तेव्हा बायकांची शर्यत सुटून गेली होती. ताई वेळेत पोचली का, हे सांगणारं कुणी नव्हतं. शेवटच्या रेषेजवळ जाऊन उभे राहिलो.

मग वळणावरून एकटी सायकल आली. मागं बराच वेळ कुणीच नाही. ताईचं निळं हेल्मेट दिसलं आणि गणिताचे प्राध्यापक शेख सर रॅक डोक्यावर धरून रस्त्यात नाचायला लागले.

पहिली आली. दम घ्यायच्या आत माईकवाल्यानं विचारलं, ताई, कुठून आलात? तिला वाटलं, आज सायकल कुठून चालवत आलीस असं विचारतोय.

"चाकूरहून," ती म्हणाली.

त्यानं जाहीर केलं, "प्रथम क्रमांक, चाकूरच्या संघमित्राताई!"

चाकूरची पाचसहा मंडळी शर्यत बघायला आलेली होती. ती धावतच आली. आपल्या गावची लेक पहिली आली म्हटल्यावर तिला गावात आपणच घेऊन जाणार, दुसरं काही ऐकायचं नाही. आमची गाडी तिथंच पडलेली, तेव्हा जायचं तर होतंच. सरांनी चाकूरवाल्यांच्या पांढऱ्या गाडीचा टप रुमालानं पुसला, रॅक बसवला आणि सायकल उभी केली. कुणीतरी तिच्या हँडलला हार घातला.

चाकूरला फोन आधीच गेलेला. स्टँडपाशी हलगी वाजत होती. बंद गाडीजवळ माणिकदादा काळ्या हातांनी उभे होते. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, लगीन कुणाचं आहे म्हणून. गर्दीतून एक म्हातारी आजी पुढं आली. तिनं ताईच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि चेहरा निरखून विचारलं, "चाकूरात कुणाची गं तू?"

हलगी थांबली. सगळे ताईकडं बघायला लागले. सर माझ्याकडं बघायला लागले.

ताई वाकली, आजीच्या पाया पडली. "आजच्या दिवस तुमचीच, आजी."

आजीनं तिला हेल्मेटपासून बुटापर्यंत नीट पाहून घेतलं.

"मंग इतके दिस कुठं व्हतीस?"