डाव्या हातानं उभा केलेला बाक

मला लकवा मारून गेला, त्याला आठ महिने झाले होते. तोंड सरळ झालं, पाय ओढत का होईना चालायला लागला, पण उजवा हात काही केल्या मनावर घेईना. जिंतुरात चाळीस वर्षं सुतारकाम केलेला मी, आणि आता कपबशी धरली की अर्धा चहा अंगावर. बायकोनं एक दिवस ठरवूनच टाकलं. "हत्यारं माझ्या भावाला देऊ. रोज पेटीकडं बघत बसता, मला बघवत न्हाई." मेव्हणा नांदेडला सुतारच आहे. रविवारी येऊन पेटी नेतो म्हणाला.

त्याच आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब घरी आले. चर्चच्या एका खोलीत त्यांनी जुन्या वस्तूंचं छोटं संग्रहालय मांडलंय. बघायला येणाऱ्यांसाठी आवारातल्या लिंबाखाली त्यांना तिथलाच जुना सागवानी बाक ठेवायचा होता. त्याचा एक पाय मोडलेला, आणि दर नाताळाला कुणी ना कुणी भक्तिभावानं ऑइलपेंट फासलेला. "पोरं खिळे ठोकू म्हणायलीत," ते म्हणाले. "हा तर लाकडी खुंट्यांवर उभा हाय, मिस्त्री. तुमी नुसतं बसून सांगा, करून दुसऱ्याकडून घेऊ."

नुसतं बसून सांगा! माझं डोकंच फिरलं. "मीच करतो. शनिवारी घेऊन जा," मी म्हणालो. दारात उभ्या बायकोनं कपाळाला हात लावला. मनात मी पक्कं केलं होतं: बाक उभा राहिला तर पेटी घरातून हलणार नाही. नाही राहिला तर मीच मेव्हण्याच्या हातात देईन.

बाक घरी आला, तसा डाव्या हातात काचेचा तुकडा धरून दोन दिवस रंग खरवडला. निळा गेला, हिरवा गेला, मग चॉकलेटी. खाली लाकूड ठणठणीत. बाकाच्या पायासाठी घरात जुन्या चौकटीचा एकच सागवानी तुकडा होता. तो कापायला घेतला आणि तिथं गाडी अडली. आम्ही सुतार लाकूड पायाखाली दाबून कापतो, आणि माझ्या उजव्या पायात जोर कुठला? लाकूड सरकायचं, करवत खुणेवरून उतरायची. तिसऱ्या वेळी मी करवत अंगणात भिरकावली.

बायकोनं ती उचलून आणली, मुकाट्यानं लाकडावर बसली आणि म्हणाली, "हां, कापा."

"ऊठ. हे बायकांचं काम न्हाई."

"तुमचं तरी कुठं राह्यलंय?"

लय लागलं ते. तोंडात आलेली शिवी गिळली, कारण लाकूड आता जागचं हलत नव्हतं. मी कापलं. खाच पाडायच्या वेळी मी डाव्या हातानं पटाशी धरायची आणि तिनं वरून ठोकायचं, असं ठरलं. सुरुवातीला ती माझ्या बोटांना भ्यायची. दुपारपर्यंत मात्र अशी ठोकायला लागली, जणू संसारातला सगळा राग त्या लाकडावर काढायलीय. "हळू," मी म्हणायचो. "नीट धरा," ती म्हणायची. आपल्याला दुसऱ्याची गरज पडली याची मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

शनिवारी शेवटची खुंटी बसली. जवसाचं तेल पाजून बाक चर्चच्या आवारात नेला. पाळकसाहेब बसले, डावीकडं रेलले, उजवीकडं रेलले. बाक हलला नाही. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

रविवारी मेव्हणा आला. चहा झाल्यावर त्यानं पेटीला हात घातला. मी बोलणार, एवढ्यात बायको बाहेर आली.

"ठेव ती."

"अगं, तूच तर बोलावलंस."

"बोलावलं व्हतं," ती म्हणाली. "पण आता आमा दोघांना लागायलीय."