ताण्यातली परकी गाठ

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी हळूच उठून पान खायला जाणारा माणूस. मॅट्रिक झालेला, सायन्सवर भरवसा ठेवणारा. तरी हे लिहितोय... वाचकांपैकी कोणी उलगडा केला तर बरंच होईल.

लढाईचे दिवस होते. नागपुरात इतवारीच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत हातमाग. बाबा नुकतेच गेले होते. धाकट्या बहिणीचं, कौशीचं लग्न ठरलेलं, आणि आम्हा विणकरांत नवरीचं लुगडं घरच्याच मागावर विणतात. ते काम आता माझ्याकडे आलं. पण मध्यरात्री मला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर. दिवसा नजर ठरायची नाही, रेशीम तुटायचं. लुगडं वेळेत होणार नाही या धास्तीनं उरलीसुरली झोपही उडायची.

शेवटी बायको म्हणाली, "पडल्या पडल्या काहून तळमळून राहिले तुमी? उठा, मागावर बसा. डोळे जड झाले का मंग पडा."

कापड उतरलं तरी आम्ही माग रिकामा करत नाही. मागाच्या फणीत जुन्या दोऱ्यांची टोकं ठेवतो आणि नव्या ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, एकेक दोरा त्यांना गाठीनं सांधतो. काम इतकं कंटाळवाणं की डुलकी लागलीच पाहिजे. लागली! बसल्या जागी सकाळ झाली.

पण दोरे मी सांधले होते त्याच्या बरेच पुढंपर्यंत सांधलेले होते.

तू सांधलेस का विचारलं, तर बायको नाही म्हणाली. कौशी म्हणाली, "मी कायले हात लावू दादा, मले झोप आवरत नाही." दुसऱ्या रात्री मी थांबलो तिथं लाल दोरा बांधला, दाराला आतून कडी घातली. सकाळी लाल दोऱ्यापुढं पुन्हा गाठी — बारीक, घट्ट. तिसऱ्या रात्री पाहायचंच म्हणून डोळ्यांना पाणी लावत बसलो, तर लहानपणी लागायची तशी गाढ झोप लागली.

प्रत्येक हाताची गाठ वेगळी असते. मी दोघींकडून गाठी बांधून घेतल्या, जुळल्या नाहीत. खरं सांगतो, मनातून मी बाबांचीच वाट पाहत होतो. त्यांनी सांधलेले जुने दोरे काढले, शेजारी धरले... ती बाबांची गाठ नव्हती. मी तिथंच बसून रडलो.

आळीतल्या म्हाताऱ्या काकांनी गाठ बोटांत फिरवली. "आपल्या इकडची नाही गा हे," एवढंच म्हणाले.

लुगडं झालं. कौशी ते नेसून सासरी गेली. मला आजही छान झोप लागते.

ते बाबा असते तर मी समजलो असतो, बापाचा जीव तो. पण हा कोण? आमच्या घरी लग्न आहे आणि मला झोप नाही, याचं त्याला काय पडलं होतं?